चीनचे प्रांतिक नेते खरंच ‘काम दाखवून’ वर येतात का?

चीनच्या प्रांतिक नेत्यांबद्दलचा एक मजकूर मराठी गटांमधून पुन्हा पुन्हा फिरतो. त्याचा सारांश असा: चीनमध्ये भाषणं ठोकून किंवा बापाच्या नावावर कुणी नेता होत नाही. आधी तालुका चालवायचा, मग शहर, मग काही कोटींचा प्रांत. काम चांगलं झालं तरच पुढची पायरी. बीजिंगने हुकूम सोडला की सगळे प्रांत एका दिशेने चालू लागतात. भ्रष्टाचारी सापडला की त्याला गोळी. निवडणुकीची कटकट नाही, म्हणून नेता तीस वर्षांपुढचं बघतो. आणि शेवटी प्रश्न: आपल्याकडे असं कधी होणार?

हा प्रश्न विचारणाऱ्यांचा वैताग मला कळतो. आमदारांची पळवापळवी बघून ज्याचा जीव विटला आहे, त्याला ही शिडी आकर्षक वाटणारच. पण या मजकुरात चीनची माणसं कुठेच नाहीत. त्या शिडीची किंमत त्यांनी मोजली आहे, म्हणून एकेक दावा तपासून पाहू.

“काम चांगलं केलं तरच बढती मिळते.”

यात तथ्याचा अंश आहे. तालुका आणि शहर पातळीवरच्या अधिकाऱ्यांना लक्ष्यं ठरवून दिलेली असतात: उत्पादन, कर, गुंतवणूक, निदर्शनं होऊ न देणं. काही लक्ष्यं अशी, की तिथे चुकलात तर बाकीचं सगळं काम शून्य धरलं जातं. खालच्या पातळीवर कामगिरीला वजन असतं, हे अभ्यासांतूनही दिसतं. ली होंगबिन आणि झोउ लीआन यांनी 1979 ते 1995 या काळातल्या प्रांतिक नेत्यांची माहिती तपासली आणि विकासदर आणि बढती यांचा संबंध आहे असं 2005 मध्ये मांडलं. मात्र 2012 मध्ये व्हिक्टर शिह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सत्ताधारी कम्युनिस्ट पक्षाच्या केंद्रीय समितीतल्या नेत्यांची क्रमवारी तपासली, तेव्हा विकासदराचं बक्षीस मिळाल्याचा पुरावा त्यांना सापडला नाही. तिथे मोजत होतं ते सर्वोच्च नेत्यांशी असलेलं नातं, शिक्षण आणि प्रांतातून गोळा होणारा महसूल. म्हणजे जसजसं वर जावं, तसतसं ‘हा माणूस कुणाचा’ हा प्रश्न मोठा होत जातो.

हनान प्रांताचं उदाहरण घ्या. 1990 च्या दशकात तिथल्या गरीब शेतकऱ्यांकडून रक्तद्रव विकत घेण्याचा धंदा सरकारी आशीर्वादाने फोफावला. एकमेकांचं रक्त मिसळून परत शरीरात सोडलं जाई, आणि गावंच्या गावं एचआयव्हीबाधित झाली. डॉ. गाओ याओजिए या वृद्ध डॉक्टरबाई खेडोपाडी फिरून हे उघड करत राहिल्या. त्यांच्यावर पाळत बसली, 2007 मध्ये त्यांना घरात कोंडलं गेलं, आणि 2009 मध्ये वयाची ऐंशी उलटल्यावर त्यांना देश सोडावा लागला. धंदा फोफावला त्या काळात प्रांताचे पक्ष-चिटणीस, म्हणजे तिथले खरे सत्ताधारी, होते ली चांगचुन. माहिती दाबली गेली त्या काळात ली केचियांग आधी गव्हर्नर आणि मग चिटणीस होते. दोघंही पुढे पॉलिटब्युरोच्या स्थायी समितीत, म्हणजे देशाच्या सर्वोच्च वर्तुळात, पोहोचले.

अलीकडचं उदाहरण शांघायचं, म्हणजे प्रांताचा दर्जा असलेल्या शहराचं. 2022 च्या वसंतात अडीच कोटी वस्तीचं ते शहर सुमारे दोन महिने कुलूपबंद होतं. देशातल्या सर्वांत श्रीमंत शहरात लोकांना भाजीसाठी, औषधांसाठी खिडकीतून ओरडावं लागलं. शहराचे पक्ष-चिटणीस होते ली कियांग. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ते पक्षात दुसऱ्या क्रमांकावर गेले आणि मार्च 2023 मध्ये पंतप्रधान झाले. केंद्र सरकारात त्यांनी त्याआधी एकही पद सांभाळलं नव्हतं. मात्र शी जिनपिंग झजियांगचे चिटणीस असताना ली त्यांच्या कार्यालयाचा कारभार बघत होते.

आणि ‘बापाचं नाव चालत नाही’? शी जिनपिंग यांचे वडील शी झोंगशुन उपपंतप्रधान होते, ग्वांगडोंग प्रांताचे प्रमुखही. 1997 च्या पक्ष अधिवेशनात केंद्रीय समितीचे 151 पर्यायी सदस्य निवडले गेले. मतांच्या क्रमाने लावलेल्या त्या यादीत शी जिनपिंग यांचं नाव सर्वांत शेवटी होतं. पक्षातल्या प्रतिनिधींना जेव्हा गुप्त मतदानाची जराशी संधी मिळाली, तेव्हा त्यांनी या घराण्यांच्या मुलांबद्दल काय मत दिलं, ते तिथे दिसतं.

“प्रांताचा प्रमुख म्हणजे आपला मुख्यमंत्रीच, फक्त जास्त कर्तबगार.”

नाही. प्रांतात दोन माणसं असतात: गव्हर्नर आणि पक्षाचा चिटणीस. सत्ता चिटणिसाची. त्याला नेमते बीजिंगची केंद्रीय समिती, आणि त्याची फाइल असते पक्षाच्या संघटन विभागाकडे. बहुतेकदा तो दुसऱ्याच प्रांतातून पाठवलेला असतो. शी यांचंच बघा: कूळ शान्शीचं, जन्म बीजिंगचा, नोकरी हबेई, फुजियान, झजियांग, शांघाय अशी.

गव्हर्नरची मात्र प्रांतिक लोकप्रतिनिधी सभेत निवडणूक होते, असं कायदा सांगतो. 1993 मध्ये झजियांग आणि ग्वीझोऊ या दोन प्रांतांतल्या प्रतिनिधींनी हा कायदा खरा मानला. त्यांनी पक्षाने पुढे केलेला उमेदवार पाडून आपला माणूस निवडून दिला. त्यानंतर काय झालं? बहुतेक प्रांतांत पक्षाचा चिटणीसच त्या सभेचा अध्यक्ष होऊन बसू लागला.

तिबेट आणि शिनजियांगमध्ये ही विभागणी आणखी बोचते. तिथल्या सरकारचा प्रमुख स्थानिक समाजाचा असावा, असं स्वायत्ततेचा कायदा सांगतो, आणि तो तसा असतोही. पण तिबेटच्या पक्ष-चिटणीसपदी आजवर एकही तिबेटी माणूस बसलेला नाही. चेन क्वानगुओ यांनी 2011 ते 2016 तिबेट सांभाळलं आणि तिथली पाळत ठेवण्याची पद्धत घेऊन ते शिनजियांगला गेले. त्यांच्या काळात तिथल्या स्थानिक मुस्लिम समाजाचे, म्हणजे उइगुरांचे, लाखो लोक छावण्यांत डांबले गेले. 2017 मध्ये चेन पॉलिटब्युरोत गेले. वरच्यांना हवं ते करून दाखवणं, हाच जर कामगिरीचा अर्थ असेल, तर ही कामगिरीच म्हणायची. पण मग ती कुणाच्या लेखी, एवढं तरी मजकूर पुढे ढकलणाऱ्याने सांगायला हवं.

“बीजिंगने हुकूम सोडला की देश हलतो.”

हा दावा लोकांना सर्वांत जास्त भुरळ घालतो, आणि इतिहास त्याच्या सर्वांत जास्त विरोधात आहे.

हुकूम तंतोतंत पाळले गेले, तेव्हाचं आधी पाहू. 1958 मध्ये हनानचे चिटणीस पान फुशेंग सबुरीने चालतात म्हणून त्यांना हटवलं गेलं आणि वू झिपू आले. वू यांनी माओंना हवं ते सगळं दिलं: देशातलं पहिलं कम्यून (गावांच्या जमिनी एकत्र करून चालवलेली सामूहिक शेती) हनानमध्येच, आणि पिकाचे अचाट आकडेही. आकडा फुगवला की सरकारी वसुलीही त्या आकड्यावर ठरते. कोठारात धान्य नसलं तरी ते शेतकऱ्यांनी लपवलंय असं मानून झडत्या, मारहाण. हनानच्या एकट्या शिनयांग विभागात 1959-60 च्या हिवाळ्यात सुमारे दहा लाख माणसं मेली, आणि तिथल्या सरकारी कोठारांत तेव्हा धान्य होतं. सिचुआनचे ली जिंगच्वान यांनी आपल्या प्रांतात माणसं मरत असताना बाहेर धान्य पाठवणं चालू ठेवलं. सर्वाधिक बळी सिचुआनमध्ये गेले, आणि ली यांची खुर्ची सांस्कृतिक क्रांतीपर्यंत शाबूत राहिली. या उपासमारीत देशभर मेलेल्यांचे अंदाज दीड ते साडेचार कोटींपर्यंत जातात. हे प्रांतिक नेते हुकूम मोडणारे नव्हते. एकमेकांच्या पुढे जाऊन हुकूम पाळणारे होते.

आता हुकूम मोडला, तेव्हाचं. अनहुई प्रांतात झेंग शीशेंग यांनीही आधी हाच अतिरेक केला होता. पण माणसं मरताना पाहून 1961 मध्ये त्यांनी जमीन कुटुंबांना कसायला वाटून दिली. पीक सुधारलं, आणि 1962 मध्ये झेंग यांना हटवून ती व्यवस्थाच मोडली गेली. मग पंधरा वर्षं गेली. 1977 मध्ये वान ली त्याच प्रांतात आले. पुढच्या वर्षी दुष्काळ पडला. वान यांनी शेतकऱ्यांना सामूहिक जमीन उसनी कसू दिली. डिसेंबर 1978 मध्ये फंगयांग भागातल्या शियाओगांग गावच्या 18 शेतकऱ्यांनी गुपचूप करार केला: जमीन घराघरांत वाटून घ्यायची, आणि यापायी गावच्या पुढाऱ्यांना तुरुंग झाला तर त्यांची पोरं बाकीच्यांनी 18 वर्षांची होईपर्यंत सांभाळायची. त्याच महिन्यात बीजिंगमध्ये, पुढे सुधारणांची सुरुवात म्हणून गौरवल्या गेलेल्या बैठकीत, शेतीचा जो मसुदा मान्य झाला, त्यात कुटुंबवार शेतीला मनाईच होती. वान यांनी ती मनाई बाजूला ठेवून शेतकऱ्यांना पाठीशी घातलं. केंद्राने या पद्धतीला पुरती मान्यता दिली 1982 मध्ये. चीनचं पोट भरलं ते असं, खालून. हाँगकाँगला लागून असलेल्या शेन्झेन या उद्योगनगरीचीही गोष्ट फार वेगळी नाही. ग्वांगडोंगची माणसं हाँगकाँगकडे जीव धोक्यात घालून पळत होती. ती थांबवायची तर प्रांताला मोकळीक द्या, असं 1979 मध्ये बीजिंगला जाऊन मागितलं ते प्रांताच्या नेत्यांनी, म्हणजे शी झोंगशुन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. ज्यांच्या मुलाने पुढे सगळ्या दोऱ्या पुन्हा बीजिंगमध्ये ओढून घेतल्या, तेच हे शी.

आणि आजही हुकूम सुटताच सगळं हलतं असं नाही. शान्शी प्रांतातल्या शीआन शहराजवळच्या छिनलिंग पर्वतात बेकायदा बंगले उठले होते. खुद्द शी यांनी 2014 पासून चार वर्षांत सहा वेळा लेखी सूचना दिल्या. स्थानिक अधिकाऱ्यांनी 202 बंगले आहेत असं कळवून काम फत्ते झाल्याचा अहवाल पाठवला. शेवटी बीजिंगने आपलं पथक धाडलं, तेव्हा हजाराहून जास्त निघाले.

खोट्या अहवालांची यादी मोठी आहे. जानेवारी 2017 मध्ये ल्याओनिंगच्या गव्हर्नरने कबूल केलं की 2011 ते 2014 या काळातले प्रांताचे महसुली आकडे बनावट होते. पुढच्या वर्षी आतल्या मंगोलियाने (इनर मंगोलिया, हाही चीनचाच एक प्रदेश) 2016 च्या औद्योगिक उत्पादनातला 40 टक्के आकडा खोटा असल्याचं सांगितलं. तियानजिनच्या बिनहाय विभागाने आपलं एक लाख कोटी युआनचं उत्पन्न एका फटक्यात 66,500 कोटींवर आणलं. ज्या आकड्यांवर बढती ठरते म्हणून आपण वाहवा करतो, ते आकडे लिहिणारा आणि बढती मागणारा एकच असतो.

2020 च्या जानेवारीत याच रचनेची झळ जगाला लागली. महिन्याच्या मध्यावर हुबेईच्या प्रांतिक सभेचं अधिवेशन चालू होतं, आणि त्या दिवसांत वूहानच्या आरोग्य विभागाच्या निवेदनांत नवा रुग्ण जवळजवळ नव्हताच. 18 जानेवारीला शहरात 40,000 कुटुंबांची सामूहिक मेजवानी झाली. 27 तारखेला महापौर झोउ शियानवांग सरकारी दूरचित्रवाणीवर म्हणाले की, स्थानिक सरकार म्हणून परवानगी मिळाल्यावरच आम्ही माहिती जाहीर करू शकतो. फेब्रुवारीत प्रांताचे चिटणीस हटवले गेले. तोवर उशीर झाला होता.

“तिथे भ्रष्टाचाऱ्याला गोळी घालतात, म्हणून भ्रष्टाचार नाही.”

दावा खरा असता तर एव्हाना तो संपला असता. बीजिंगचे चिटणीस चेन शीतोंग यांना 1998 मध्ये 16 वर्षांची शिक्षा झाली, शांघायचे चेन ल्यांगयू यांना 2008 मध्ये 18 वर्षांची. चोंगचिंगचे बो शिलाई, हेही क्रांतिकारक नेत्याचे चिरंजीव, 2013 मध्ये जन्मठेपेवर गेले. त्याच शहरात नंतर आलेले सुन झेंगत्साय 2018 मध्ये जन्मठेपेवर. युन्नानमध्ये बाय एनपेई आणि त्यांच्या जागी आलेले छिन ग्वांगरोंग दोघेही लाचखोर ठरले. छिनलिंगच्या त्या बंगल्यांच्या काळात शान्शीचे चिटणीस असलेले झाओ झेंगयोंग यांनी 71 कोटी 70 लाख युआन लाच घेतल्याचं न्यायालयाने म्हटलं. त्यांना सुनावलेल्या मृत्युदंडाचं रूपांतर जन्मठेपेत व्हायची सोय निकालातच होती. यांपैकी प्रत्येक जण त्याच गाजलेल्या शिडीने चढला होता, आणि प्रत्येक पायरीवर संघटन विभागाने त्याची पारख केली होती. त्यांना पकडलं ते वरून, वरच्यांना वाटलं तेव्हा. स्थानिक पत्रकार किंवा विरोधी पक्ष ते करू शकला असता, तर ते इतकी वर्षं खुर्चीत राहिले असते का?

“निवडणूक नाही, म्हणून दूरचं बघतात.”

प्रांताच्या चिटणिसाची मुदत कागदावर पाच वर्षांची असते, पण बरेच जण त्याआधीच हलवले जातात. शी जिनपिंग शांघायमध्ये 2007 साली जेमतेम सात महिने होते. पुढच्या नेमणुकीआधी डोळ्यांत भरेल असं काहीतरी उभं करायचं, आणि कर्ज पुढच्यासाठी ठेवायचं, ही सवय यातूनच लागते. 1994 च्या करसुधारणेनंतर महसुलातला केंद्राचा वाटा 22 टक्क्यांवरून 55 टक्क्यांच्या वर गेला, पण शाळा, दवाखाने, पेन्शन हा खर्च स्थानिक सरकारांकडेच राहिला. मग त्यांनी जमिनी विकल्या, आणि कंपन्या काढून त्यांच्या नावावर कर्जं घेतली.

ग्वीझोऊ प्रांतातल्या दुशान तालुक्याचं वार्षिक उत्पन्न 100 कोटी युआनहून कमी असताना कर्ज 4,000 कोटींवर गेलं होतं. त्या पैशातून उंचच उंच लाकडी मनोऱ्यासारखी एक भव्य इमारत उभी राहिली आणि अर्धवट पडून राहिली. एप्रिल 2023 मध्ये ग्वीझोऊच्या सरकारी संशोधन केंद्राने मान्य केलं की हे कर्ज प्रांताला स्वतःच्या बळावर फेडता येणार नाही. त्याच प्रांतातल्या दाफांग तालुक्याने 2015 पासून शाळाशिक्षकांचे पगार आणि भत्ते थकवले होते. 2020 मध्ये केंद्राच्या तपासणीत ती थकबाकी सुमारे 48 कोटी युआन निघाली. तोपर्यंतच्या पाच वर्षांत त्या शिक्षकांच्या हातात तालुक्याचा चिटणीस बदलण्याचा कोणताही मार्ग नव्हता.