विवेकावर व्याख्यान कसं द्यावं (आणि चिठ्ठ्या कुठे ठेवाव्यात)

गेल्या शनिवारी 'युरोपातील विवेकाची पहाट' या विषयावरचं व्याख्यान ऐकून आलो. व्याख्यानमालेचं नाव सांगत नाही, कारण सांगितलं तरी तुम्हाला ती तुमच्याच भागातली वाटेल. वेळ साडेसहाची. सात दहाला दीपप्रज्वलन, मग स्वागतगीत, मग परिचय, मग परिचय करून देणाऱ्याचा परिचय. पहाट उजाडायला पावणेआठ झाले. हल्ली वक्ते मिळत नाहीत, त्यामुळे उद्या तुम्हालाही कुणी याच विषयावर बोलायला उभं करील. तेव्हा हाताशी असाव्यात म्हणून या काही सूचना.

सुरुवात 'प्रबोधन' या शब्दाने करा. फार सोयीचा शब्द. मराठीत रेनेसाँ म्हणजे प्रबोधन, एन्लाइटनमेंट म्हणजेही प्रबोधन, आणि ओला-सुका कचरा वेगळा करा म्हणून चौकात केलेलं पथनाट्य, तेही प्रबोधनच. त्यामुळे लिओनार्दो दा विंची आणि व्होल्तेर एकाच वाक्यात शेजारी बसवता येतात. लिओनार्दो वारला १५१९ साली, व्होल्तेर जन्मला १६९४ साली. मधली पावणेदोनशे वर्षं घशाखाली जावीत म्हणून टेबलावर पाण्याचा ग्लास ठेवलेलाच असतो.

मग देकार्त. 'मी विचार करतो, म्हणून मी आहे' म्हणा, दोन सेकंद थांबा आणि श्रोत्यांकडे बोट करून विचारा, "आणि आपण?" टाळी पडते. माझ्या डोळ्यांदेखत पडली. १६३३ साली गॅलिलिओला शिक्षा झाल्याचं कळताच याच देकार्तने आपला तयार ग्रंथ छापायचं रद्द केलं, हे मात्र सांगू नका. भ्यालेल्या तत्त्वज्ञाला टाळी पडत नाही.

स्पिनोझा गाळला तरी चालतो. नाव घ्यायचंच झालं तर 'काचा घासून पोट भरायचा' एवढं सांगून लोकांना हळवं करा. २७ जुलै १६५६ या दिवशी ॲम्स्टरडॅममध्ये त्याच्याच ज्यू समाजाने त्याला वाळीत टाकलं, तेव्हा तो २३ वर्षांचा होता. कुणी त्याच्या चार हातांच्या आत यायचं नाही, त्याने लिहिलेलं काही वाचायचं नाही, असा हुकूम होता. एवढं सांगितलंत की सभागृहातल्या कुणाला तरी जातपंचायती आठवतील, २०१६ साली महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला होता तेही आठवेल, आणि कार्यक्रमाला गालबोट लागेल.

आता व्होल्तेर. इथे जरा नीट लक्ष द्या.

'तुझं म्हणणं मला मान्य नाही, पण ते म्हणण्याच्या तुझ्या हक्कासाठी मी प्राण पणाला लावीन' हे वाक्य व्याख्यानात किमान तीनदा आलं पाहिजे. शनिवारी चारदा आलं. शिवाय ते मागच्या फ्लेक्सवर होतं आणि निमंत्रणपत्रिकेवरही होतं. व्होल्तेरने ते कुठेही लिहिलेलं नाही. ते वाक्य इव्हलिन बिएट्रिस हॉल या इंग्रज लेखिकेचं आहे. १९०६ साली व्होल्तेरच्या स्नेह्यांवर लिहिलेल्या पुस्तकात, एल्व्हेशियस या तत्त्वज्ञाचा ग्रंथ जाळला गेला त्या प्रसंगी व्होल्तेरची वृत्ती काय होती, ते तिने आपल्या शब्दांत मांडलं. पुस्तकावर तिचं नाव नव्हतं, एस. जी. टॅलेंटायर हे टोपणनाव होतं. म्हणजे बाईने नाव झाकून लिहायचं, आणि तिचं सगळ्यात गाजलेलं वाक्य पुन्हा पुरुषाच्या खात्यावर जमा! बरं, हे शोधायला पॅरिसला जावं लागत नाही. ज्या फोनवर वक्ते भाषण चालू असताना अधूनमधून काहीतरी बघत होते, त्याच फोनवर अर्ध्या मिनिटात सापडतं.

आणि व्होल्तेरला उसनं वाक्य चिकटवायची गरज तरी काय? त्याने केलं ते सांगा ना! तुलूझला झाँ कालास नावाचा साठी उलटलेला प्रोटेस्टंट कापडव्यापारी होता. १३ ऑक्टोबर १७६१ च्या रात्री त्याचा थोरला मुलगा दुकानात मेलेला सापडला. गावात आवई उठली की पोरगा कॅथलिक होणार होता म्हणून बापानेच मारला. पुरावा काही नाही, नुसती कुजबुज. १० मार्च १७६२ रोजी म्हाताऱ्याला चाकाला बांधून त्याची हाडं मोडली, गळा आवळला आणि प्रेत जाळलं. शेवटपर्यंत तो मी निर्दोष आहे एवढंच सांगत होता. व्होल्तेरच्या कानावर हे आलं तेव्हा सुरुवातीला तोही आवईवर विश्वास ठेवून मोकळा झाला होता. त्याने थट्टासुद्धा केली होती. मग त्याला शंका आली. शंका आल्यावर त्याने भाषण दिलं नाही. जिनिव्हाला आसरा घेतलेल्या कालासच्या धाकट्या मुलाला बोलावून खोदून खोदून विचारलं, कागद जमवले, वकील गाठले, पत्रांवर पत्रं पाडली, १७६३ साली सहिष्णुतेवर पुस्तक काढलं. ९ मार्च १७६५ रोजी पॅरिसमध्ये न्यायाधीशांनी एकमताने कालासला निर्दोष ठरवलं. मृत्युदंडाचा मूळ निकाल लागला होता, त्याला त्या दिवशी बरोबर तीन वर्षं पूर्ण झाली. माणूस केव्हाच मेला होता, तरीही तीन वर्षं!

विवेक म्हणतात तो हा. आपल्या मनात बसलेली गोष्ट पुन्हा तपासायची आणि चुकलो तर चुकलो म्हणायचं. यातलं एक अक्षर शनिवारी आलं नाही. फ्लेक्सवर मात्र व्होल्तेरचा फोटो म्हणून कुणीतरी भलताच केसाळ गृहस्थ होता.

असो. ही सूचना जरा लांबली.

रूसोचं 'माणूस जन्मतः स्वतंत्र आहे' घ्या. त्याने आपली पाचही मुलं अनाथालयात टाकली होती, ते घेऊ नका.

जॉन लॉकवर बोलताना 'सर्वांना' हा शब्द सढळ हाताने वापरा. लॉकने सर्वांना हक्क दिले, लॉकने सर्वांना स्वातंत्र्य दिलं. सहिष्णुतेवरच्या १६८९ च्या पत्रात त्याने नास्तिकांना बाहेर ठेवलं, कारण देव न मानणाऱ्याच्या शपथेचा भरवसा काय. आफ्रिकेतून गुलाम नेणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीचे शेअर त्याच्याकडे होते. राज्यसत्तेवरचा ग्रंथ तर त्याने निनावी छापला आणि तो आपला असल्याचं मृत्युपत्रात कबूल केलं. त्याचे विचार यामुळे रद्दीत जात नाहीत. त्याच युक्तिवादाचं टोक पुढच्यांनी त्याच्याच वर्गाकडे वळवलं, हीच तर या गोष्टीतली मजा. पण मजा सांगायची तर वाचावं लागतं.

कांटचं नाव घेताना, तो फिरायला निघाला की लोक घड्याळं लावायचे, हा किस्सा विसरू नका.

त्याचा १७८४ चा निबंधही उल्लेखा, 'स्वतःची बुद्धी वापरायचं धाडस कर' तेवढ्यापुरता. निबंध लिहिला का गेला, ते सांगू नका. मी सांगतो. बर्लिनच्या एका मासिकात त्सोल्नर नावाच्या पाद्र्याने लेख लिहिला होता आणि त्याच्या तळटिपेत विचारलं होतं, की हे प्रबोधन प्रबोधन म्हणतात ते नक्की आहे तरी काय? लोकांचं प्रबोधन करायला निघण्याआधी एवढं तरी सांगा! म्हणजे खालून आलेली चिठ्ठीच म्हणा ना. त्या चिठ्ठीला त्याच मासिकात कांटने उत्तर दिलं. बर्लिनमधल्या संपादकांना खिसे नसावेत.

कारण आता आपण प्रश्नोत्तरांकडे येतो. प्रश्न तोंडी घेऊ नका, चिठ्ठीवर मागवा. चिठ्ठ्या एका कार्यकर्त्याकडे द्या. तो त्या वाचेल, वक्त्यांची स्तुती असलेल्या वर ठेवेल आणि उरलेल्यांचं काय करायचं ते त्याला ठाऊक असतं. मी दोन ओळी लिहिल्या होत्या, व्होल्तेरच्या वाक्याबद्दल, अगदी 'कृपया' घालून. कार्यकर्त्याने चिठ्ठी उघडली, वाचली, माझ्याकडे बघितलं, चार घड्या घातल्या आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली. वर बिल्ला होता: 'विचारस्वातंत्र्य सप्ताह'.

कांटच्या त्याच निबंधात राजाच्या तोंडचं एक वाक्य आहे: हवा तितका वाद घाला, हव्या त्या विषयावर घाला, पण आज्ञा पाळा. आयोजकांनी शेवटचे दोन शब्द तेवढे घेतले.

हे मी गिळलं असतं. चाळीस वर्षं व्याख्यानं ऐकतोय, चिठ्ठ्या गिळायची सवय आहे. पण तिसऱ्या रांगेत एक मुलगी होती. पाठीवर सॅक, कॉलेजातून थेट आली असावी. तिच्याकडे कागद नव्हता, म्हणून ती उभी राहून बोलली. "सर, फ्रेंच क्रांतीतला १७८९ चा जाहीरनामा माणसाच्या हक्कांचा म्हणालात. तेव्हाच्या बायकांचं त्यावर काय म्हणणं होतं?" वक्ते म्हणाले, चांगला प्रश्न आहे, पण विषय मोठा आहे. अध्यक्ष म्हणाले, "ताई, बसून घ्या, वेळ झालीय." ती बसली. त्यानंतर चौदा देणगीदारांना शाल, श्रीफळ आणि रोप देण्यात आलं. मी घड्याळ लावलं होतं. एकतीस मिनिटं!

आता सूचना बस झाल्या, सरळ बोलतो. अहो, लाज वाटत नाही तुम्हाला? एका मिनिटाचं उत्तर होतं ते. २६ ऑगस्ट १७८९ चा जाहीरनामा सतरा कलमांचा. १७९१ साली ऑलिम्प द गूज या बाईने सतराच कलमांचा दुसरा जाहीरनामा लिहिला, स्त्रीच्या हक्कांचा. त्यातल्या दहाव्या कलमात ती म्हणते, स्त्रीला वधस्तंभावर चढायचा हक्क आहे, तर व्यासपीठावर चढायचाही असला पाहिजे. ३ नोव्हेंबर १७९३ रोजी तिला पहिला हक्क मिळाला. दुसऱ्यातल्या मतदानापुरत्या हक्कासाठी फ्रान्समधल्या बायकांना १९४४ उजाडावं लागलं. झालं! संपलं उत्तर! रोपं देत होतात तेवढ्या वेळात हे तीसदा सांगून झालं असतं. माहीत नसेल तर 'माहीत नाही, बघून सांगतो' म्हणायचं होतं. त्याने तुमची शाल काढून घेतली नसती कुणी.

आणि भिंतीवर आगरकर, जोतीराव कशाला टांगलेत? आगरकर म्हणजे जिवंतपणी स्वतःची प्रेतयात्रा बघणारा माणूस, आणि तुम्हाला एक चिठ्ठी झेपत नाही? जोतीरावांनी टॉमस पेनचा मानवी हक्कांवरचा ग्रंथ वाचला आणि १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली. तुम्ही पेनचं नाव भाषणात दोनदा घेतलंत आणि बोलायला उभ्या राहिलेल्या मुलीला खाली बसवलंत.

ती मुलगी रोपं वाटून होण्याआधीच निघून गेली. मी मागोमाग गेलो, पण जिना उतरेपर्यंत तिची बस सुटली होती. पुढच्या शनिवारी 'स्त्री आणि समता' आहे, वक्ते तेच. तिला कुठूनतरी कळवा, आणि माइक खाली आणून तिच्या हातात द्या. आणि हो, माझी चिठ्ठी निळ्या शाईची आहे. सदरा धुवायला टाकण्याआधी खिसा बघा.