बंगळुरात राहा, पण बंगळूरला कळू देऊ नका

बंगळूरला बदली झाली म्हणता? अभिनंदन. पुण्यात असताना सोसायटीच्या ग्रुपवर ‘इथे राहायचं तर मराठी शिकावीच लागेल’ हा मजकूर तुम्ही महिन्यातून दोनदा तरी पुढे ढकलत होतात. त्यामुळे परक्या गावात माणसं कशी वागतात, याचा तुमचा अभ्यास दांडगा आहे. तो आता कामी येईल. फक्त बाजू तेवढी बदलायची.

सुरुवात नावापासून करा. 1 नोव्हेंबर 2014 पासून या शहराचं अधिकृत नाव बेंगळुरू आहे. तुम्ही ‘बँगलोर’च म्हणत राहा. कुणी टोकलंच तर ‘नावात काय आहे’ असं म्हणून हसा. मुंबईला ‘बॉम्बे’ म्हणणाऱ्या त्या दिल्लीच्या सहकाऱ्याला तुम्ही कॅन्टीनमध्ये सगळ्यांदेखत कसं सोललं होतं, ते या वेळी आठवायची गरज नाही.

मग घर शोधायला निघा. घरमालक बहुधा निवृत्त गृहस्थ असतात, पांढरंशुभ्र धोतर किंवा विजार, कपाळावर गंध, बोलणं हळू. समोर बसलात की थेट शहाजीराजांना हात घाला. 1638 मध्ये इथले सरदार केंपेगौडा यांच्याकडून बंगळूर आदिलशाहीने घेतलं आणि ते शहाजीराजांना जहागीर मिळालं, हे खरंच आहे. राजांचा वाडा इथे होता, व्यंकोजीराजे इथूनच पुढे तंजावरला गेले, हेही सांगा. म्हणजे आपण भाडेकरू म्हणून आलेलो नसून आपल्याच जहागिरीची पाहणी करायला आलो आहोत, असा सूर लागला पाहिजे. गृहस्थ सगळं शांतपणे ऐकून घेतील, मान डोलावतील आणि अनामत रकमेचा आकडा सांगतील.

दहा महिन्यांचं भाडं अनामत ठेवायचं, ही इथली जुनी रीत. हल्ली पाच-सहा महिन्यांवरही भागतं म्हणतात, पण ते नेहमी दुसऱ्याचं भागतं. भाडं 35 हजार असेल तर साडेतीन लाख मोजा. मोजताना हात थरथरला तर इतिहासाचाच आधार घ्या. 1687 मध्ये मुघलांनी व्यंकोजीराजांकडून बंगळूर घेतलं आणि म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडियारांना 3 लाख रुपयांत देऊन टाकलं. अख्खं गाव, किल्ल्यासकट. तुमच्या दोन खोल्या आणि शेजारच्या बाल्कनीकडे तोंड असलेली बाल्कनी त्याहून पन्नास हजारांनी महाग पडली. चिक्कदेवराजांचे निदान घर सोडताना रंगाचे पैसे कापून घेतले नसणार. तुमचे घेतील. पूर्ण एक महिन्याचं भाडं, भिंतीला तुम्ही एक खिळा ठोकला नसला तरी. आमच्या पहिल्या मालकांनी रंगाचे पैसे कापले आणि पुढच्या आठवड्यात नव्या भाडेकरूला त्याच भिंती, माझ्या मुलीने काढलेल्या मोरासकट, दाखवल्या.

हो, आणि बेळगाव. तो विषय कॉफी यायच्या आधी काढू नका. कॉफी आल्यावर काढा, म्हणजे निदान कॉफी तरी पदरात पडेल.

पाण्याचं विचाराल तर ‘कावेरी आणि बोअर, दोन्ही आहे’ असं उत्तर येईल. कावेरीचं पाणी शंभरेक किलोमीटरवरून वर चढवत आणतात, त्यामुळे ते येईतोवर दमतं आणि एक दिवसाआड येतं. बाकीचे दिवस बोअरचं. ते इतकं जड असतं की बादलीत पांढरा थर बसतो आणि कंगव्यात केस. शहरातल्या प्रत्येक नव्या माणसाचा पहिला संवाद केस गळण्यावर होतो, ओळख वाढवायला उत्तम विषय आहे. 2024 च्या उन्हाळ्यात बोअर आटले तेव्हा लोक टँकरवाल्याला जावयासारखे फोन करत होते. पण हवा बाकी छान हो! हे वाक्य पाठ करून ठेवा. भाडं, पाणी, वाहतूक, कशावरही बोलणं निघालं की शेवटी ते टाकायचं असतं.

आता पत्ता. इथे रस्त्यांना माणसांची नावं कमी आणि आकडे जास्त. उभा रस्ता तो मेन, आडवा तो क्रॉस. ‘तिसरा मेन, सातवा क्रॉस’ हे ऐकायला किती सुटसुटीत वाटतं! गंमत अशी की प्रत्येक वस्तीला आपला तिसरा मेन आणि सातवा क्रॉस असतो. त्यात ब्लॉक, स्टेज, फेज, सेक्टर हे आणखी. जयनगरात चौथा ब्लॉक आहे आणि चौथा टी ब्लॉकही आहे, आणि ते दोन वेगळे आहेत. तुम्ही अर्थातच टी हा छपाईतला दोष समजून दुसरीकडे जा. के. आर. मार्केट, के. आर. सर्कल आणि के. आर. पुरम यांतला फरक विचारत बसू नका. मित्र मार्केटात फुलांच्या ढिगाऱ्याशी उभा असताना तुम्ही शहराच्या दुसऱ्या टोकाला पुरमच्या झुलत्या पुलाकडे बघत उभे राहिलात, की फरक आपोआप कळतो. बीटीएम म्हणजे ब्यारसंद्रा, तावरेकेरे आणि मडिवाळा या तीन गावांची आद्याक्षरं. एचएसआर म्हणजे होसूर-सरजापूर रोड, त्या दोन रस्त्यांमधली वस्ती. आपल्याकडे तीन गावांची मिळून एक वस्ती केली असती तर पहिलं अक्षर कुणाचं, यावर तीन ग्रामपंचायती अजून कोर्टात असत्या.

पत्ता सापडेना की रिक्षा करा. ऑगस्ट 2025 पासून मीटरचा दर पहिल्या दोन किलोमीटरना 36 रुपये आणि पुढे किलोमीटरला 18 रुपये आहे. हा आकडा सामान्यज्ञान म्हणून लक्षात ठेवा, परीक्षेत येऊ शकतो. रिक्षावाला म्हणेल, ‘मीटर मेले इप्पत्तु कोडी.’ तुम्हाला यातलं ‘मीटर मेले’ एवढंच कळेल आणि वाटेल, बिचाऱ्याचं मीटर गेलं, कबूल तरी करतोय. कानडीत ‘मेले’ म्हणजे वर. मीटरच्या वर वीस रुपये द्या, असं तो म्हणतोय. पण तुम्ही अर्थाच्या भानगडीत पडू नका. छाती पुढे काढा आणि हिंदीत सुनावा, ‘भैया, इतने बडे शहर में रिक्षा चलाते हो, हिंदी तो आनी चाहिए.’ कोथरूडच्या स्टँडवर ‘पुण्यात रिक्षा चालवतोस, मराठी यायला नको?’ हे ज्या स्वरात म्हणाला होतात, अगदी त्याच स्वरात. सूर जमला की भाषांतर आपोआप होतं. यानंतर तो निघून जाईल. तुम्ही चालत जा. हवा बाकी छान असते.

कानडी शिकू नका, हे वेगळं सांगायला नकोच. ‘कन्नड गोत्तिल्ला’, म्हणजे कानडी येत नाही, एवढं कानडी पुरतं. मी या दोन शब्दांवर पाच वर्षं काढली. धोका एवढाच की ही भाषा नकळत आत शिरते. भाजीवाल्या अक्का ‘सब्बसिगे सोप्पु’ म्हणतील, तुम्ही मान हलवाल, घरी येऊन पिशवी उघडाल तर आत शेपू. (शेपू न खाणाऱ्या घरात याचे परिणाम गंभीर होतात.) गर्दीत कुणी ‘स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी’ म्हणालं तर तुम्हाला स्वल्पविराम आठवेल आणि तेवढं थांबून तुम्ही सरकाल. शहाळेवाला ‘गंजी?’ विचारेल आणि तुम्ही शर्टाच्या आत चाचपून बघाल. तो मलईचं विचारत असतो. दुपारी तोच ‘ऊटा आयता?’ म्हणेल. सावध राहा. सुरुवातीला मला वाटलं काहीतरी मागतोय, म्हणून मी दोन महिने ‘छुट्टा नहीं है’ असं उत्तर देत होतो. तो रोज विचारत होता, जेवण झालं का?

त्यातून स्वतःच्याच भाषेने दगा दिलेला. स्पर्धापरीक्षांच्या पुस्तकांत कानडीतून मराठीत आलेल्या शब्दांची यादी असते: अण्णा, अक्का, तूप, पिशवी, खोली, किल्ली, भाकरी. म्हणजे किल्लीने खोली उघडून पिशवीतली भाकरी तुपाशी खाल्ली, तरी तुमचं निम्मं कानडी बोलून झालं. यादी खरी की खोटी या वादात शिरू नका, पान उलटा.

खाण्यात मात्र ठाम राहा. उभ्याने खायच्या उपाहारगृहाला इथे दर्शिनी म्हणतात. आधी पैसे, मग चिठ्ठी, मग चिठ्ठी घेऊन खिडकीशी. तुम्ही आधी टेबल शोधा, बसायला खुर्ची मागा, मग मेन्यू मागा. ‘खारा बात’ लिहिलेलं दिसलं की भात समजून मागवा. उप्पीट येईल. रागाने ‘केसरी बात’ मागवा. शिरा येईल. हार न मानता ‘चौ चौ बात’ मागवा. एका बशीत शेजारी शेजारी उप्पीट आणि शिरा येईल. आता शेजाऱ्याला सांगा की आमच्याकडे यापेक्षा चांगलं मिळतं, आणि दोन्ही संपवा. कॉफी ‘बाय टू’ घेतली तर एकीचे दोन पेले करून देतात, न कुरकुरता. पुण्यात एकात दोन मागून बघितलं आहेत ना? मग या विषयावर न बोललेलं बरं.

बसचं प्रकरण आमच्या घरात जरा नाजूक आहे. जून 2023 पासून कर्नाटकातल्या रहिवासी स्त्रियांना सरकारी साध्या बसमधून फुकट प्रवास आहे. आमच्या हिने पहिल्याच महिन्यात आधारवरचा पत्ता बदलून घेतला. मी म्हटलं, ‘अगं, पत्ता बदलला की माणूस बदलतो.’ ती म्हणाली, ‘तिकीट बदलतं.’ आता ती शून्य रुपयांचं तिकीट घेऊन खिडकीशी बसते, कंडक्टरशी त्याच्या मुलीच्या दहावीवर कानडीत बोलते, आणि मी मागे दांडीला लोंबकळत, तिकिटाच्या पाठीवर त्याने लिहून दिलेले माझे चौदा रुपये परत कधी मिळतात याची वाट बघतो. मॅजेस्टिक आलं की सगळे उतरतात. मॅजेस्टिक हे एका जुन्या थिएटरचं नाव, बसस्थानकाचं खरं नाव केंपेगौडा. म्हणजे अधिकृत नाव न घेण्यात इथले लोकही आपल्याला कमी नाहीत, हे बघून मला फार बरं वाटलं.

शनिवार-रविवार आपली माणसं गाठा. पुण्याहून रात्रीच्या बसने येणाऱ्या कुणाच्याही सामानात तुमचा गोडा मसाला, भाजणी आणि जाड पोहे असलेच पाहिजेत. जाड पोहे इथे कोपऱ्यावरच्या दुकानात अवलक्की नावाने मिळतात, पण त्याला ती चव नाही. (चव तीच आहे. मी डोळे बांधून खाऊन पाहिलेत. हे घरात बोललो नाही.) आठ मराठी कुटुंबं जमली की इथल्या लोकांना हिंदी कशी येत नाही यावर बोला, आणि मग पुण्यात हल्ली मराठी कशी ऐकू येत नाही यावर. मध्ये वडापाव.

एक शेवटचं काम राहिलं. पँट सैल करून घ्यायची असेल (चौ चौ बातमुळे ती वेळ येते) तर चिकपेटेत जा. नावं ऐकून दचकू नका: चिकपेटे, बळेपेटे, अक्कीपेटे, तरगुपेटे. छोटी पेठ, बांगड्यांची पेठ, तांदळाची पेठ, धान्याची पेठ. मी गेलो होतो मागच्या दिवाळीआधी. गल्लीच्या तोंडाशी बोळकांडीएवढं दुकान, पायाने चालवायचं शिलाई यंत्र, भिंतीवर अंबाबाईचा जुना फोटो आणि गळ्यात टेप घातलेले सत्तरीचे आजोबा. त्यांनी पँट उलटी करून शिवण बघितली, माझ्या पोटाकडे बघितलं आणि काहीतरी म्हणाले. हेल अगदी इथला, शेवटचा शब्द लांबवलेला. मी सवयीने हात हलवला, ‘कन्नड गोत्तिल्ला.’

ते परत म्हणाले, जरा सावकाश. मी परत म्हणालो, जरा मोठ्याने.

आजोबांनी चष्मा कपाळावर सरकवला. पँटची घडी घातली, खडूने तिच्यावर शुक्रवार लिहिलं, आणि माझ्याकडे बघून विचारलं, ‘कानडी नाही म्हणता. मराठी तरी येतं का?’