सोलेआची दहावी मात्रा: एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली आणि मगच उत्तर लिहायला बसलो. घरबसल्या व्हिडिओ बघून फ्लॅमेंको (दक्षिण स्पेनचं पारंपरिक गाणं-वाजवणं) गिटार शिकण्यावरच्या माझ्या लेखाने लोक चुकीच्या वाटेला लागतील, असं तुमचं म्हणणं. दक्षिण स्पेनच्या आंदालुसियातल्या हितानो (तिथल्या रोमा, म्हणजे जिप्सी) घरांत लहानपणापासून कानावर पडत आलेली ही कला व्हिडिओ बघून येत नाही, येते ती नुसती बोटांची कसरत, असंही तुम्ही लिहिलंय. यातलं बरंचसं मला मान्य आहे. ते आधी सांगतो.

पहिलं दीड वर्ष मी फक्त फाल्सेता बसवत होतो. फाल्सेता म्हणजे गाण्याच्या ओळींमध्ये गिटार एकटी बोलते तो तुकडा. व्हिडिओ निम्म्या वेगाने लावायचा, रास्गेआदोत, म्हणजे बोटं एकामागून एक तारांवर झटकण्याच्या तंत्रात, करंगळीपासून तर्जनीपर्यंत एकेक बोट कसं सुटतं ते बघायचं आणि घोटत बसायचं. हात चालायला लागला. पण नुसत्या टाळ्यांचं रेकॉर्डिंग लावून वाजवायला घेतलं, की दुसऱ्या आवर्तनातच ताल सुटायचा.

कारण उशिरा कळलं. मी लहानपणी तबला शिकलेला. सोलेआ (फ्लॅमेंकोतला एक संथ गानप्रकार) १२ मात्रांची म्हटल्यावर डोक्यात एकताल सुरू व्हायचा आणि मी पहिल्या मात्रेवर समेला यावं तसा येऊन पडायचो. सोलेआत जोर असतो ३, ६, ८, १० आणि १२ वर. पहिली मात्रा साधीच. तिसरीवर एफचा कॉर्ड येतो, ओढ लागते, आणि दहावीवर ओळ ई मेजरवर येऊन टेकते. मग पुढचं आवर्तन सुरू होईपर्यंत थोडी उसंत. हे सगळं टॅबमध्ये, म्हणजे गिटारसाठीच्या लिपीत, छापलेलं असतं, मीही वाचलं होतं. अंगात उतरलं ते मात्र गिटार बाजूला ठेवून दोन महिने नुसत्या टाळ्या दिल्या तेव्हा.

दुसरी चूक अंगठ्याची. आल्साप्वा या तंत्रात अंगठा खाली-वर फिरतो तेव्हा वजन मनगटातून यायला हवं. मी अंगठ्याच्या सांध्यातूनच जोर काढत होतो, आणि रात्री तो ठणकायचा. हेरेस या आंदालुसियातल्या शहरातल्या एका शिक्षकांची तासभर शिकवणी घेतली, तीही स्क्रीनवरच. त्यांनी पहिल्या दहा मिनिटांत चूक पकडली. हे काम रेकॉर्ड केलेला व्हिडिओ करू शकत नाही, इथे तुमचा मुद्दा पूर्ण बरोबर आहे.

पण समोर बसल्याशिवाय परंपरा पुढे जातच नाही, हे मला पटत नाही. फ्लॅमेंको गिटारवादक रामोन मोंतोयाने १९३६ साली पॅरिसमध्ये एकल गिटारवादन ध्वनिमुद्रित केलं. तेव्हापासून कितीतरी वादक तबकड्या ऐकून शिकले. प्रसिद्ध फ्लॅमेंको गिटारवादक पाको दे लुसियाचं उदाहरण मी मुद्दाम देत नाही, कारण त्याच्या घरात वडील आणि थोरला भाऊ दोघंही वाजवत होते. ते भाग्य वेगळं.

प्रश्न आहे तो कुठले व्हिडिओ बघायचे हा. धडे देणारे व्हिडिओ कमी बघा, गाणं जास्त बघा. स्पॅनिश दूरचित्रवाणीने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला केलेली 'रीतो ई हेओग्राफिया देल कान्ते' ही कृष्णधवल मालिका माझी खरी शाळा झाली. त्यात फर्नांदा दे उत्रेरा सोलेआ गाते आणि साथीला मोरोन गावचा गिटारवादक दिएगो देल गास्तोर असतो. त्याच्या वाजवण्यात वेगाचं प्रदर्शन कुठेच नाही. ती स्वर लांबवते तेव्हा तो थांबून राहतो, तिची ओळ संपली की उत्तर देतो. हे मी शेकडो वेळा पाहिलं असेल, आणि अजूनही त्या थांबण्यापाशी माझा हात घाई करतो.

मूळ लेखातला 'आधी दोन सोप्या फाल्सेता बसवा' हा सल्ला मी आज काढून टाकलाय. त्याजागी टाळ्यांचा सराव टाकलाय: आधी सोलेआ, मग तांगोस हा दुसरा प्रकार. बुलेरियास या वेगवान प्रकाराला मी स्वतः अजून हात लावलेला नाही. तुम्ही हेरेसमध्ये राहिलात असं लिहिलंय, तर तिथे गिटार न घेता नुसतं ऐकत, टाळ्या देत बसलेल्या मुलांबद्दल थोडं लिहाल का? मला ते खरंच वाचायचंय.