‘पडलास? चोवीस तासांत बस सायकलवर’ : एका फॉरवर्डची उलटतपासणी

सायकलिंगच्या ग्रुपवर कुणी रेसमध्ये पडल्याची बातमी आली की आधी जोडलेले हात येतात, मग ‘लवकर बरा हो भावा’, आणि तासाभरात तो मेसेज. कुणी लिहिला कुणाला माहीत नाही, पण दर सीझनला फिरतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: पडल्यावर चोवीस तासांच्या आत सायकलवर बसा, नाहीतर भीती हाडात शिरते. प्रो रायडर हाडं मोडली तरी उठून पळतात, तुम्हाला काय धाड भरली आहे? रेसची भीती रेसमध्येच जाते, म्हणून पुढच्याच रेसला नाव द्या आणि बंचच्या, म्हणजे चाकाला चाक लावून धावणाऱ्या घोळक्याच्या, शेवटी राहून ती पूर्ण करा. उतारावर पुढच्या ब्रेकला हात लावू नका. का पडलो याचा विचार करत बसू नका. आणि शेवटी, ठरल्याप्रमाणे, थांबला तो संपला.

यातला एक मुद्दा निम्मा खरा आहे आणि त्याच्या जिवावर बाकीचे तरून जातात. सोमवारी ऑफिस गाठायचंय, टीमचा डॉक्टर नाही, मेकॅनिक नाही, पडल्याचा फोन आई किंवा बायको उचलते, अशा हौशी रेसरला हा मेसेज पाठवणं मला बेजबाबदारपणाचं वाटतं. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

चोवीस तासांची अट

निम्मा खरा मुद्दा हाच. टाळल्यानं भीती वाढते, यात वाद नाही. घाटाच्या उताराशी आलात, पोटात गोळा आला, सायकल वळवून घरी गेलात, की लगेच हायसं वाटतं. मेंदू त्यातून एवढंच शिकतो की वळलो म्हणून वाचलो. पुढच्या वेळी आणखी अलीकडेच वळावंसं वाटतं. तेव्हा परत जायचं, हे ठीक. पण मानसोपचारात भीतीला सामोरं जाण्याची जी पद्धत आहे ती पायरीपायरीनं चढायची असते. तिच्यात चोवीस तासांची मुदत कुठेच नाही.

उलट पहिले चोवीस तास सायकलपासून लांब राहण्याचे असतात. २०१७ च्या टूर ऑफ कॅलिफोर्नियात लात्व्हियाचा तोम्स स्कुयिन्श उतारावर पडला. उठला, झोकांड्या खात रस्त्याच्या मधोमध गेला, मागून येणारे रायडर त्याला कसेबसे चुकवत होते, आणि तशा अवस्थेत तो पुन्हा सायकलवर बसून निघालासुद्धा. शेवटी टीमनं त्याला थांबवलं. कॉलरबोन मोडलं होतं आणि मेंदूला धक्का बसला होता. २०२० च्या टूर द फ्रान्समध्ये फ्रान्सचा रोमँ बार्दे पडला, उठला आणि तो टप्पा त्यानं पूर्ण केला. रात्री मेंदूला धक्का बसल्याचं निघालं आणि त्याची टूर तिथेच संपली; नंतरच्या तपासणीत मेंदूत छोटा रक्तस्रावही दिसला. पडल्यावर ‘मी ठीक आहे’ असं जो सांगतो, त्याचंच डोकं तर तपासायचं असतं. त्याच्या शब्दाला त्या वेळी काय किंमत?

सायकलिंगची जागतिक संघटना यूसीआयनं यानंतर मेंदूच्या धक्क्यासाठी नियमावली काढली. तिच्यात २४ ते ४८ तास पूर्ण विश्रांती आहे आणि लक्षणं पूर्ण गेल्यावरही निदान आठवडाभर स्पर्धा नाही. म्हणजे आपल्या मेसेजच्या बरोबर उलट. डोकेदुखी, मळमळ, उजेड सहन न होणं, एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं, यातलं काहीही दिसलं तर सायकल भिंतीला टेकवून डॉक्टरकडे जायचं.

मनगटाचंही तसंच. पडताना आपण हात टेकवतो. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या खळग्यात दाबल्यावर दुखत असेल तर तिथलं स्कॅफॉइड नावाचं छोटं हाड मोडलेलं असू शकतं, आणि पहिल्या एक्स-रेत ते अनेकदा दिसत नाही. दहा-पंधरा दिवसांनी पुन्हा फोटो काढावा लागतो. ‘एक्स-रे क्लिअर आहे’ म्हणून दुसऱ्या दिवशी हँडलवर भार देणारे मग वर्षभर मनगट चोळत बसतात.

आणि सायकल? हेल्मेटच्या आतला फोम एकदा दबला की त्याचं काम झालं. बाहेरून ओरखडासुद्धा नसला तरी डोकं आपटलेलं हेल्मेट बदलायचं. पुढचं चाक धरणारा कार्बनचा फोर्क किंवा हँडल आतून तडकलेलं असू शकतं आणि ते वरवर दिसत नाही. मागच्या डिरेल्युअरचा (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणाऱ्या भागाचा) हँगर किंचित वाकला असेल, तर सर्वांत हलका गिअर टाकताना डिरेल्युअर स्पोकमध्ये जाऊ शकतो, म्हणजे चढावर दुसरा अपघात. आत्मविश्वास परत आणायची पहिली पायरी मला विचाराल तर मेकॅनिकचं दुकान आहे. फोर्क काढून बघितला, स्टेम-हँडल तपासलं, चाकं ट्रू, म्हणजे सरळ, केली, ब्रेक पॅड पाहिले, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला माणूस उतारावर ‘पुढचं चाक निखळलं तर?’ हा विचार करत नाही. निदान कमी करतो.

‘प्रो बघा कसे उठतात’

बघूच. डेन्मार्कचा योनास व्हिंगगोर ४ एप्रिल २०२४ ला स्पेनच्या बास्क प्रांतातल्या रेसमध्ये पडला. कॉलरबोन, बरगड्या मोडल्या, फुप्फुसाला इजा. जूनअखेर तो टूर द फ्रान्सला उभा होता आणि दुसरा आला. मेसेजवाल्यांचा लाडका दाखला. त्यात तीन महिन्यांतला प्रत्येक दिवस डॉक्टर, फिजिओ आणि कोच यांच्या देखरेखीखाली गेला आणि त्याला दुसरी नोकरी नव्हती, एवढंच सांगायचं राहतं. शिवाय क्रिस फ्रूमचा दाखला कुणी देत नाही. चार वेळा टूर जिंकलेला फ्रूम २०१९ मध्ये रस्ता पाहण्याच्या राइडवर पडला आणि त्यानंतर एकही रेस जिंकला नाही. ब्रॅडली विगिन्स २०१२ चा टूर विजेता. २०१३ च्या जिरो या इटलीतल्या मोठ्या रेसमध्ये पावसात उतारावर घसरला आणि उरलेला उतार इतक्या जपून उतरला की एक मिनिटाहून जास्त वेळ गमावला. त्याला कुणी भित्रा म्हणत असेल तर म्हणो.

पण मला सांगायचाय तो तीबो पिनो. २०१२ मध्ये टूरचा टप्पा जिंकलेला हा फ्रेंच पोरगा २०१३ मध्ये पिरेनीजच्या उतारावर अक्षरशः थिजला. काहींना कोळ्याची भीती वाटते, काहींना सापाची, मला वेगाची वाटते, असं त्यानं जाहीरपणे सांगितलं. उतार उतरता येत नाही हे टूरमधल्या रायडरनं पत्रकारांसमोर कबूल करणं म्हणजे काय, याची कल्पना करा. मग त्यानं काय केलं? पुढच्याच रेसमध्ये डोळे मिटून उडी नाही घेतली. वेगाची सवय व्हावी म्हणून तो सर्किटवर मोटार चालवायला गेला. म्हणजे ज्याची भीती होती ती गोष्ट त्यानं सायकलपासून वेगळी काढली आणि सुरक्षित जागी तिचा सराव केला. २०१४ ला तो टूरमध्ये तिसरा आला. २०१८ ला त्यानं इटलीतली लोंबार्दिया ही रेस जिंकली, विन्चेन्झो निबालीला मागे टाकून, आणि निबाली म्हणजे त्या पिढीतला उतारांचा उस्ताद.

याच लोंबार्दियात २०२० मध्ये बेल्जियमचा रेम्को एवेनपूल उतारावरच्या पुलाच्या कठड्यावरून खाली कोसळला आणि त्याचं कटीचं हाड मोडलं. नऊ महिन्यांनी तो थेट २०२१ च्या जिरोला परतला आणि कच्च्या, खडीच्या रस्त्यांच्या टप्प्यात सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मागे पडला. पायात ताकद होती. पुढे तो जगज्जेता झाला, २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये दोन सुवर्णपदकं घेऊन आला. मधला काळ मात्र कुणी फॉरवर्ड करत नाही.

‘पुढच्याच रेसला नाव द्या, मागे राहा’

हा सर्वांत घातक सल्ला, कारण त्यात दुसऱ्यांचीही हाडं गुंतलेली आहेत.

घाबरलेला रायडर लांबून ओळखू येतो. कोपर ताठ, खांदे कानांशी, हँडल आवळलेलं, नजर समोरच्याच्या मागच्या चाकावर खिळलेली. ताठ कोपरांमुळे रस्त्यावरचा प्रत्येक धक्का थेट पुढच्या चाकाला बसतो, सायकल स्वतःहून सावरू शकत नाही. वळणात शिरल्यावर भीतीनं ब्रेक दाबला जातो, तोही नेमका तेव्हा जेव्हा टायरची पकड वळण्यात खर्ची पडत असते. ज्या खड्ड्याला टाळायचं त्याच्याकडेच नजर जाते आणि सायकल नजरेमागे जाते. म्हणजे भीतीनं पडायची शक्यता वाढते. असा माणूस बंचमध्ये ढकलून ‘भीती जाईल’ म्हणायचं?

हिशोब करा. ताशी ४० किलोमीटरला आपण सेकंदाला ११ मीटर जातो. समोरच्याच्या मागच्या चाकापासून अंतर फूटभर. अर्ध्या सेकंदात प्रतिक्रिया दिली तरी तोवर साडेपाच मीटर गेलेले असतात. बंचमध्ये कुणी चपळाईनं वाचत नाही. दोन-तीन रायडर पुढे बघून, खांद्यांची हालचाल वाचून वाचतो. हे वाचन मन शांत असेल तरच होतं.

‘मागे राहा’ तर आणखी उफराटं. पुढच्यानं वळणावर वेग थोडा कमी केला की मागच्याला जास्त कमी करावा लागतो, शेवटच्याला जवळजवळ थांबावं लागतं आणि मग स्प्रिंट मारून ते अंतर भरावं लागतं. सगळ्यात जास्त ब्रेक आणि सगळ्यात जास्त दमछाक शेपटालाच. पुढे कुणी पडलं तर आडव्या पडलेल्या सायकलींवर जाऊन आदळणाराही तोच. पुढच्या पंधरा-वीसांत राहणं जास्त सुरक्षित असतं, पण तिथे टिकायला पाय आणि धीर दोन्ही लागतात, जे नुकत्याच पडलेल्याकडे नसतात. म्हणून तूर्त बंच नको, एवढंच.

मग रेसचा नंबर लावायचाच नाही? लावा की. हिल क्लाइंब लावा. सिंहगडाच्या चढावर कुणी ताशी ५० नं जात नाही, आणि घाम गाळून वर पोचलेल्याला आपण अजून रेसर आहोत हे पटतं. वैयक्तिक टाइम ट्रायल लावा, एकट्यानं घड्याळाशी शर्यत, त्यात कुणाचं कोपर लागत नाही. २०० किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राइड, करा. साडेतेरा तासांची मुदत असते आणि ती रेस नसतेच, पण लांबवर एकटं चालवताना हात आपोआप सैल होतात. दरम्यान ज्यांच्या चाकावर भरवसा आहे अशा दोघांबरोबर सपाट रस्त्यावर चालवा, मग पाच-सहा जणांबरोबर. आणि मैदानात गवतावर, अगदी सावकाश, खांद्याला खांदा लावून चालवा; पुढच्याच्या मागच्या चाकाला आपलं पुढचं चाक मुद्दाम हलकेच घासून पाहा. चाक घासल्यावर झटक्यानं बाहेर ओढायची ऊर्मी येते आणि तिथेच माणूस पडतो; किंचित त्याच बाजूला झुकून मग वेग सोडायचा असतो. हे डांबरावर पहिल्यांदा शिकायची गोष्ट नाही. मोठी माणसं गवतावर पोरांसारखी एकमेकांना ढकलताना विचित्र दिसतात, हे मान्य.

उताराला हाच नियम. एकच घाट निवडा, गर्दी नसलेला दिवस निवडा (रविवारी सिंहगडाच्या रस्त्यावर दुचाकी आणि भजी खायला निघालेल्या गाड्यांमधून कसला सराव होणार?), आणि तोच तुकडा पुन्हा पुन्हा, आधी मुद्दाम सावकाश. हात ड्रॉपवर, म्हणजे हँडलच्या खाली वळलेल्या भागावर, बाहेरचा पेडल खाली आणि त्यावर वजन, नजर वळण जिथे सुटतं तिथे.

‘पुढच्या ब्रेकला हात लावू नका’

यावर शब्द खर्च करावेसे वाटत नाहीत. ब्रेक दाबला की वजन पुढच्या चाकावर जातं, म्हणून थांबवण्याचं बहुतेक काम पुढचाच ब्रेक करतो. नुसत्या मागच्यानं उतार उतरणारा माणूस जास्त अंतरात थांबतो आणि मागचं चाक लॉक करून घसरतो. वेग दुप्पट झाला तर ब्रेक लागल्यावर थांबायचं अंतर चौपट होतं. वळणाआधी, सायकल सरळ असताना, दोन्ही ब्रेक, पुढचा हळूहळू दाबत. पावसाळ्यात रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यांवर आणि पहिल्या सरीनंतर वर आलेल्या तेलावर दोन्हीही जपून.

‘का पडलो याचा विचार नको’

हा सल्ला प्रेमापोटी दिला जातो, कबूल. रात्री अंथरुणात तोच क्षण घोळवत बसणं वाईटच. पण एकदा, शांतपणे, कारण शोधलंच पाहिजे. टायरमध्ये हवा जास्त होती? अरुंद टायर १२० पीएसआयला दगडासारखे करून खडबडीत रस्त्यावर नाचवणारे अजून आहेत. २८ मिलिमीटरचा टायर कमी हवेत चालवून बघा. दमून लक्ष उडालं होतं? रंबलरवर एका हातानं बाटली काढत होतो? की खरंच दुसऱ्यानं लाइन सोडून चाक मारलं? पहिल्या तिन्हींवर उपाय आहे, आणि उपाय दिसला की भीतीला धरायला कमी जागा उरते. चौथ्यावर आपला ताबा नाही. तिथे पुन्हा बंचमध्ये जायचं की नाही हा निर्णय आहे, आणि तो निर्णय म्हणूनच घ्यावा.

आणखी एक. बरी झालेली भीती पुसली जात नाही. तिच्या शेजारी नवा अनुभव साठत जातो. म्हणून चार महिने निर्धास्त उतरणाऱ्याचे हात पहिल्या पावसात किंवा नेमक्या त्याच वळणावर पुन्हा ताठ होतात. ‘मी परत शून्यावर आलो’ असं तेव्हा वाटतं. तसं नसतं, एक पायरी खाली उतरायचं आणि पुन्हा चढायचं. मात्र महिना उलटला तरी अपघाताची स्वप्नं पडत असतील, ब्रेकचा आवाज ऐकून दचकायला होत असेल, तर ग्रुपवरचे भाऊ पुरे, मानसोपचारतज्ज्ञ गाठा.

‘थांबला तो संपला’

पडल्यानंतर बंच रेसिंग कायमचं सोडून लांब पल्ल्याकडे वळलेले रायडर आपल्याकडे आहेत. पुण्याहून गोव्याला जाणारी ६४३ किलोमीटरची डेक्कन क्लिफहँगर आहे, बीआरएमसारख्या ब्रेव्हे आहेत, टाइम ट्रायल आहेत. कुणी दोन वर्षांनी परत बंचमध्ये येतं, कुणी येत नाही. जो येत नाही त्याच्या स्ट्राव्हावर (राइडची नोंद ठेवणाऱ्या अ‍ॅपवर) दर आठवड्याला कुठला ना कुठला घाट दिसतोच.