नांगरामागून येणारा पाऊस

अमेरिकेच्या पश्चिमेकडील मैदानांत वस्ती झाली ती १८६२ च्या होमस्टेड कायद्यामुळे, हे या विषयावरील एका लेखातील प्रतिपादन मला अपुरे वाटते. त्या कायद्याने पाच वर्षे राहून कसल्यास १६० एकर जमीन मालकीची होत असे हे खरे; परंतु सरकारकडून मिळालेल्या प्रचंड जमिनी विकल्याशिवाय आणि लोहमार्गालगत माल देणारी गावे वसल्याशिवाय रेल्वे कंपन्यांचा धंदा चालणार नव्हता, म्हणून त्यांनी युरोपात दलाल नेमले आणि अनेक भाषांत आकर्षक माहितीपत्रके वाटली. त्यात नेब्रास्का विद्यापीठाचे प्राध्यापक सॅम्युएल ऑगी यांनी, जमीन नांगरली की पाऊसमान वाढते, असा सिद्धान्त शास्त्राच्या नावाने मांडला. (आपल्याकडचा कोरडवाहू शेतकरी हे ऐकून हसला असता.) याउलट, कोरड्या प्रदेशात पशुपालनासाठी एका कुटुंबाला २,५६० एकर लागतील, असे पश्चिमेचे सर्वेक्षण करणारे भूगर्भशास्त्रज्ञ जॉन वेस्ली पॉवेल यांनी १८७८ च्या अहवालात बजावले होते, पण ते कोणालाच सोयीचे नव्हते. १८९० च्या दशकातील अवर्षणात पश्चिम कॅन्सस आणि नेब्रास्कामधून असंख्य कुटुंबे माघारी फिरली.

‘मोकळी जमीन’ हा त्या लेखातील शब्दप्रयोगही खटकतो, कारण लकोटा, शायेन आणि पॉनी या मूळ रहिवासी लोकांकडून ती करारांच्या आणि सैन्याच्या बळावर काढून घेतलेली होती.