शिमोनादाचं ते बिनमाणसाचं स्टेशन

जपानमधल्या शिमोनादा या छोट्या रेल्वे स्टेशनावरचा लेख वाचला. त्यात स्टेशन 'अगदी समुद्राला टेकलेलं' म्हटलंय. पूर्वी होतं खरं, आता मध्ये खालून हमरस्ता गेलाय. फोटोत तो येत नाही एवढंच!

मात्र १९३५ सालचं हे स्टेशन बिनमाणसाचं चालतं कसं, तेही लिहायला हवं होतं. तिकीटखिडकी नाही. एका डब्याची डिझेल गाडी येते, मागच्या दाराशी नंबराची चिठ्ठी घ्यायची. पुढे ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या फलकावर त्या नंबरखाली भाडं दिसतं. उतरताना चिठ्ठी आणि नाणी पेटीत टाकायची. पेटी सुटे परत देत नाही, हे मला ऐनवेळी कळलं. मागे रांग, हातात हजार येनची नोट! ड्रायव्हरने शांतपणे शेजारच्या सुट्ट्यांच्या यंत्राकडे बोट दाखवलं.