आधी जोते, मग निविदा

होतकरू हॉटेलमालक मित्रांनो, नवी मुंबईत बाजारभावाने जमीन घेऊन हॉटेल बांधण्याचा विचार आपल्या मनात आला असेल, तर तो आधी काढून टाकावा. सार्वजनिक जमीन सवलतीत मिळण्याची शक्यता असताना पूर्ण किंमत मोजणे हा यंत्रणेच्या औदार्याचा अपमान आहे. वाशी किंवा बेलापूरच्या स्टेशनालगतचा एखादा कोपरा हेरावा आणि नवी मुंबईच्या जमिनी हाताळणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाकडे साधा अर्ज करावा. त्यात ‘निविदा’ हा शब्द टाळावा. ‘पर्यटन’ आणि ‘रोजगार’ हे शब्द मात्र परिच्छेदागणिक यावेत. (याच शहरासाठी जमिनी दिलेल्या ९५ गावांतले लोक संपादित जमिनीच्या बदल्यात मिळणाऱ्या साडेबारा टक्क्यांच्या विकसित भूखंडासाठी वर्षानुवर्षे हेलपाटे घालतात, हे पाहून खचू नये. त्यांच्या अर्जात जलतरण तलाव नसतो.)

महाराष्ट्राने हॉटेल व्यवसायाला उद्योगाचा दर्जा १९९९ मध्ये जाहीर केला; वीज, पाणी आणि मालमत्ता कर औद्योगिक दराने आकारण्याचा लाभ १ एप्रिल २०२१ पासून लागू झाला. इतकी कळ काढण्याची आपल्या धंद्याची सवय पुढे न्यायालयात उपयोगी पडते.

कारण कोणीतरी जनहित याचिका करणारच. तो संविधानाचा समानतेची हमी देणारा अनुच्छेद १४ पुढे करील, सरकारी मालमत्ता जाहिरातीशिवाय मर्जीतल्या अर्जदाराला देता येत नाही असे सांगेल, आणि त्याचे म्हणणे बरोबरच असेल. ते मनातल्या मनात मान्य करून त्याच संध्याकाळी काँक्रीटची ऑर्डर द्यावी.

या विषयातला पायाभूत निकाल आपल्याच धंद्यातला आहे. मुंबई विमानतळावरच्या एका उपाहारगृहाच्या निविदेत नोंदणीकृत हॉटेलचालकाच्या पाच वर्षांच्या अनुभवाची अट होती, आणि ती पूर्ण न करणाऱ्यालाच कंत्राट मिळाले. सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये ते चुकीचे ठरवले, सरकारला मनमानी खैरात वाटता येणार नाही असे बजावले, आणि अपील फेटाळले. याचिकाकर्ता पाच महिने उशिरा आला होता आणि दरम्यान कंत्राटदाराचे सुमारे सव्वा लाख रुपये खर्च होऊन बसले होते. तत्त्व त्याला मिळाले, उपाहारगृह कंत्राटदाराकडेच राहिले. सव्वा लाखात जे साधले, ते सात मजल्यांत का साधू नये?

वाशीचे उदाहरण तर घरचेच आहे. सिडकोने निविदा न काढता हॉटेलसाठी दिलेल्या भूखंडाचे वाटप मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये बेकायदा ठरवले खरे, परंतु वाटपाच्या वेळी मोकळ्या असलेल्या त्या जागेवर निकालाच्या दिवशी हॉटेल आणि मॉल दोन्ही उभे होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि पाहुण्यांची न्याहारी काही चुकली नाही.

तेव्हा प्रतिज्ञापत्रासाठी दर तारखेला चार आठवड्यांची मुदत विनयाने मागावी. चार आठवड्यांत एक स्लॅब टाकून होतो. हा हिशेब वकिलापेक्षा कंत्राटदाराला जास्त पक्का ठाऊक असतो, म्हणून पुढची तारीख घेण्यापूर्वी त्यालाच विचारावे.